शिट्टी ऐकली कोणी, ओळखली कोणी

माझे वडील रेडिओदुरुस्ती करीत. 'बोलतो, पण लांबून बोलतो' अशी तक्रार घेऊन कोणी आले, की ते मागचे झाकण काढत, आयएफटीच्या, म्हणजे मधल्या वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, चौकोनी पत्र्याच्या डब्यांत वरून प्लॅस्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर घालत आणि श्वास रोखून पाव फेरा फिरवत. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर मला तिथे लावू देत नसत, कारण लोखंड जवळ आले की जुळणी बिघडते. त्या पाव फेऱ्याने आवाज भरून यायचा. त्या डब्या रेडिओत मुळात का असतात हे मला पुढे पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागल्यावर उमगले, आणि ज्यांच्यामुळे त्या तिथे आल्या त्या एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांच्याविषयी वाचत गेलो, तसे माझे एक मत पक्के होत गेले. शोध कोणाचा हे ठरवताना ती गोष्ट आधी कोणासमोर घडली याला आपण फार मान देतो. ती का घडते हे आधी कोणाला कळले, याला तो मान द्यायला हवा.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणीच्या आजारपणाने त्यांच्या खांद्याला आणि मानेला जो झटका येऊ लागला, तो जन्मभर राहिला. हडसन नदीकाठच्या यॉन्कर्समध्ये त्यांनी घरामागे १२५ फूट उंचीचा एरियलचा खांब स्वतः उभारला, आणि कोलंबिया विद्यापीठात ते मोटारसायकलवरून जात. तिथे शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्यांनी ऑडिऑन या तीन टोकांच्या व्हॉल्व्हमधून (काचेच्या निर्वात नळीतून) बाहेर येणाऱ्या प्रवाहाचा काही भाग पुन्हा आत फिरवला. दूरवरचे जे संदेश कानाला हेडफोन दाबूनही जेमतेम ऐकू येत, ते मोठ्याने येऊ लागले. हा पुनर्भरण आणखी वाढवला की व्हॉल्व्ह शिट्टी घालू लागे, आणि ती शिट्टी म्हणजे बिघाड नसून व्हॉल्व्ह आता स्वतःच रेडिओलहरी निर्माण करू लागल्याची खूण आहे, हे त्यांनी ओळखले. एकाच जोडणीतून लहरी पकडणारा ग्राहकही मिळाला आणि त्या पाठवणारा प्रक्षेपकही. पेटंटसाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत, म्हणून ३१ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी जोडणीची आकृती निदान नोटरीकडून साक्षांकित करून घेतली.

ऑडिऑन बनवला होता ली डी फॉरेस्ट यांनी. त्यांच्या प्रयोगशाळेच्या वहीत ऑगस्ट १९१२ ची एक नोंद होती, की अमुक जोडणी केल्यावर व्हॉल्व्हमधून शिट्टीसारखा आवाज येतो. त्या वेळी त्या नोंदीवरून पुढे काही झाले नाही. आपलाच व्हॉल्व्ह कसा चालतो याचे धड स्पष्टीकरण डी फॉरेस्ट यांच्याकडे नव्हते. ते आर्मस्ट्राँग यांनी १९१४ मध्ये मोजमापे आणि आलेखांसह छापून दिले. तरीही त्या वहीच्या आधारावर डी फॉरेस्ट यांनी शोधावर हक्क सांगितला आणि खटला एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात वर्षानुवर्षे फिरत राहिला. आरंभी आर्मस्ट्राँग जिंकले, शेवटी हरले. मे १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने अखेरचा निकाल दिला. त्या निकालपत्रातील तांत्रिक विवेचनच चुकीचे होते, असे त्या काळच्या जाणत्या इंजिनियरांचे म्हणणे होते आणि मला ते पटते. काय ऐकू आले याची नोंद न्यायालयाने पाहिली. नोंद करणाऱ्याला तिचा अर्थ लागला होता का, हे पाहिले नाही.

त्यानंतर काही दिवसांतच फिलाडेल्फियात रेडिओ इंजिनियरांच्या संस्थेचे अधिवेशन भरले. याच शोधासाठी संस्थेने पूर्वी दिलेले मानपदक परत करण्यासाठी आर्मस्ट्राँग तिथे गेले होते. संस्थेने ते परत घेण्यास नकार दिला, पदक दिल्याचा निर्णय पुन्हा जाहीरपणे कायम केला आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मी हा प्रसंग वर्गात दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी सांगताना गळा दाटून येतो.

आता त्या पत्र्याच्या डब्यांकडे येतो. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या सिग्नल विभागात पॅरिसला असताना, १९१८ मध्ये, त्यांनी सुपरहेटरोडाइन ही पद्धत बसवली. फ्रान्समधील ल्यूसियाँ लेव्ही यांचाही या कल्पनेवर दावा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. येणारी प्रत्येक लहर वेगळ्या वारंवारतेची, आणि प्रत्येकीसाठी सगळे टप्पे नव्याने जुळवत बसणे अशक्य. मग रेडिओतच एक लहान आंदोलक, म्हणजे स्वतःची लहर निर्माण करणारे मंडल, ठेवायचा, त्याची लहर येणाऱ्या लहरीत मिसळायची आणि दोहोंतील फरक नेहमी तेवढाच राहील अशी व्यवस्था करायची. समजा केंद्र १,००० किलोहर्ट्झवर आहे, तर आंदोलक १,४५५ वर. केंद्र १,२०० वर असेल, तर आंदोलक १,६५५ वर. फरक दोन्ही वेळा ४५५. बटण फिरवताना गँग कंडेन्सरच्या पाकळ्या दोन्ही मंडलांना बरोबरीने सरकवतात, आणि आयएफटीच्या डब्या कायम त्या ४५५ वरच बसवलेल्या असतात. वडिलांच्या पाव फेऱ्याचे मर्म एवढेच होते.

पण मीडियम वेव्हची खरखर या पद्धतीनेही जात नव्हती. पावसाळ्यात वीज चमकली, की क्रिकेटच्या समालोचनात जो कडकडाट घुसे, तो माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. वीज लहरीची उंची बिघडवते, आणि एएममध्ये, म्हणजे मीडियम वेव्हच्या पद्धतीत, आवाज त्या उंचीतच साठवलेला असतो. आवाज वारंवारतेत साठवावा, म्हणजेच एफएम, ही कल्पना अनेकांना सुचून गेली होती, पण जॉन कार्सन या गणिती इंजिनियरने १९२२ मध्ये गणित मांडून दाखवले की त्यात लाभ काहीच नाही. कार्सन यांचे गणित बरोबर होते. ते अरुंद पट्ट्यापुरते, म्हणजे वारंवारतांच्या लहानशा आवाक्यापुरते होते, आणि पट्टा अरुंदच हवा हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. आर्मस्ट्राँग यांनी नेमके ते गृहीतक सोडले. पट्टा भरपूर रुंद केला, उंचीतले चढउतार ग्राहकात छाटून टाकले आणि खरखर गेली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना एफएमची पेटंटे मिळाली. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमधल्या इंजिनियरांच्या सभेत त्यांनी यॉन्कर्सहून एका मित्राच्या केंद्रावरचे प्रक्षेपण ऐकवले. तिकडे पेल्यात पाणी ओतले, कागद चुरगाळला. इकडे पाणी पाण्यासारखे वाजले आणि कागद कागदासारखा. रेडिओत इतकी शांतता तोवर कोणी ऐकली नव्हती.

पुढचा भाग लिहिताना त्रास होतो. आरसीए या अमेरिकेतील बड्या रेडिओ कंपनीचे डेव्हिड सार्नॉफ हे त्यांचे जुने स्नेही. एम्पायर स्टेट इमारतीवर प्रयोगाची जागा त्यांनीच दिली होती. १९३५ मध्ये टेलिव्हिजनसाठी तीच जागा रिकामी करायला सांगण्यात आले. आर्मस्ट्राँग यांनी स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे सुमारे ४०० फुटी मनोरा बांधला. आरसीएने पेटंटांसाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले, तेव्हा इतर कंपन्या मानधन (रॉयल्टी) देतात तसे यांनीही द्यावे म्हणून त्यांनी नकार दिला. दुसऱ्या महायुद्धात मात्र सैन्याला हीच पेटंटे विनामूल्य वापरू दिली. १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा वर सरकवून ८८ मेगाहर्ट्झच्या पुढे नेला, आणि लोकांनी घेतलेले संच एका निर्णयाने निरुपयोगी ठरले. जुलै १९४८ मध्ये त्यांनी आरसीएवर दावा लावला. वकिलांनी उलटतपासणी लांबवत नेली आणि पेटंटांची मुदत १९५० च्या डिसेंबरात संपून गेली. सार्नॉफ यांना एकट्याला खलनायक करण्याची सोय मला नको आहे. आर्मस्ट्राँगही तडजोडीला कधी तयार नव्हते. पण ज्याला आधी कळले त्यानेच वर्षानुवर्षे ते सिद्ध करत बसावे, असा कायदा असेल, तर पैसा आणि सवड असणारा पक्ष न लढताही जिंकतो.

पैसा गेला, प्रकृती ढासळली, पत्नी मॅरियन यांच्याशी भांडण झाले आणि त्या बहिणीकडे निघून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, नोटरीच्या त्या शिक्क्याला बरोबर ४१ वर्षे झाली असताना, आर्मस्ट्राँग यांनी मॅरियनना पत्र लिहून ठेवले आणि जीवन संपवले.

आमच्या अभ्यासक्रमात एफएमच्या पट्ट्याची रुंदी काढायला कार्सनचा नियम आहे, आणि 'आर्मस्ट्राँग पद्धतीची आकृती काढा' असा प्रश्नही येतो. मुले दोन्ही पाठ करतात. या दोन नावांत काय घडले ते मी आकृतीआधी सांगतो, त्यासाठी एक तास जातो, आणि तो गेलेला मला चालतो. मॅरियन यांनी आरसीएशी १९५४ अखेरीस सुमारे दहा लाख डॉलरांवर तडजोड केली, इतर कंपन्यांवरचे दावे मात्र चालू ठेवले, आणि शेवटचा खटला त्या १९६७ मध्ये मोटोरोलाविरुद्ध जिंकल्या.