मित्राचं कॅरेक्टर मेलं की चहा त्यालाच करायला सांगावा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत आपापलं कॅरेक्टर होऊन गोष्ट खेळायचा खेळ) पहिल्यांदा छापून आलं १९७४ साली. म्हणजे टेबलाभोवती बसून मरायचा धंदा पन्नाशी पार करून गेला, तरी मेलेल्याशी वागावं कसं हे लोकांना अजून कळत नाही. आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ग्रुपला मात्र बरोबर कळतं. मागच्या रविवारी त्यांनी माझ्या मल्लाप्पाचे, म्हणजे खेळातल्या माझ्या कॅरेक्टरचे, जे अंत्यसंस्कार केले ते पाहून वाटलं, हे ज्ञान चार जणांत पोचलं पाहिजे. तुमच्याही टेबलावर कुणीतरी मरणारच आहे. तयारीत राहा.

सुरुवात मरणाच्या आधी करायची. दोस्त पुलावर एकटा उभा राहून "तुम्ही पळा, मी धरतो" म्हणाला की खरंच पळा. आपण पन्हाळ्याच्या बाजूची माणसं, आपल्याला हे शिकवायला लागतं का? १६६० साली बाजीप्रभूंनी खिंड धरली ती विशाळगडावरनं तोफांचे बार होईपर्यंत. तुम्ही तोफ वाजवायच्या भानगडीत पडू नका. पलीकडे पेटी सापडली असेल, ती उघडा.

मरणाऱ्याच्या फाशाकडे बघू नका. हिट पॉइंट, म्हणजे उरलेला जीव, शून्यावर आलेला माणूस दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकतो. दहा किंवा वर आलं तर बरं, खाली आलं तर वाईट, तीन वाईट झाले की खेळ खलास. आम्ही फासे स्टीलच्या ताटलीत टाकतो, खणकन आवाज होतो, म्हणून नेमकी त्याच वेळी फरसाणाची पिशवी फोडावी. माझा पहिला आला चौदा. दुसरा एक. एक म्हणजे दोन वाईट एकदम. तो फासा ताटलीत गरगरून माझ्याकडेच तोंड करून थांबला, आणि कुणीतरी म्हणालं, "फरसाण खारट हाय."

तिसरा सात.

सामानाची वाटणी तिसरा फासा पडायच्या आधी उरकावी.

आता क्लेरिक, म्हणजे टोळीतला जखमा बऱ्या करणारा पुजारी. त्यानं रील्स बघाव्यात. हीलिंग वर्ड नावाचा मंत्र असतो, साठ फुटांवरनं टाकता येतो, बोनस ॲक्शनमध्ये होतो, म्हणजे तो टाकून वर हाणामारीही करता येते. एक शब्द बोलायचा असतो, एक! मल्लाप्पा पडला होता चाळीस फुटांवर. मोजलेत मी, नकाशावरचे आठ चौकोन. मी म्हणतोय, "भावा, पडलोय मी," आणि हा पठ्ठ्या अंगठा सरकवत, "थांब, आलोच." कुठनं आलास? तुझी टर्न येते तेव्हा तू विचारतोस, "काय चाललंय?" काय चाललंय! चौदा महिने तुझ्यापुढं उभं राहून मार खाल्ला मी, तुला धड चिलखत नव्हतं म्हणून. बरं, मेलो. मेल्यावरही एक मिनिट हातात असतं. रिव्हिव्हिफाय, मेलेल्याला उठवायचा मंत्र. तीनशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडतो आणि माणूस एका हिट पॉइंटवर का होईना, उठून बसतो. हिरा होता की! सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेला, माझे ऐंशी, शीटच्या (कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदाच्या) मागं लिहून ठेवलंय. शेवटचा ऑर्क राक्षस मल्लाप्पाबरोबरच आडवा झालेला, पूल मोकळा. एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या. त्या दहा फेऱ्यांत तुम्ही पेटीचं कुलूप उघडलंत, आतला झगा कुणाला शोभेल यावर भांडलात, आणि डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, "मिनिट झालं" म्हटल्यावर हा मान वर करून म्हणतो, "ऱ्हाऊ दे, हिरा पुढं उपयोगाला यील." कशाच्या उपयोगाला रे? माझ्या तेराव्याला?

असो. सल्ला देत होतो.

डीएमनं "स्टोरीला वजन आलं" असं म्हणावं.

मेलेल्याला नुसतं बसवून ठेवू नये. "तसाबी रिकामाच हाइस, चहा टाक" म्हणावं. मी टाकला, पाच कप. आलं किसताना बाहेरनं ऐकू येत होतं, माझी ढाल कुणाच्या शीटवर चढतेय ते.

नवीन कॅरेक्टरसाठी दहा मिनिटं खूप झाली. "मल्लाप्पाचं मल्हारी कर, बाकी तेच ठेव."

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड बोलणं. मरायचं मला काही वाटत नाही. फासा पडला तो पडला. डीएमनं पडद्यामागं लबाडी करून वाचवलं असतं तर मीच भांडलो असतो. पण त्या शीटवरचा हिट पॉइंटचा चौकोन खोडून खोडून फाटलाय, मागनं सेलोटेप लावलीय मी. चौदा महिने दर रविवारी घरचा तांबडा-पांढरा अर्धवट टाकून रंकाळ्याच्या पलीकडनं गाडी मारत येतो. कागदाचा माणूस होता, मान्य. तो मरताना दोन मिनिटं फोन उपडा ठेवायला तुमचे हात मोडतात काय? दुसऱ्याच्या टर्नलाही कान उघडे ठेवायचे असतात, एवढं साधं कळत नाही? एकानं, एकानं जरी "मल्लाप्पा गेला रे" म्हटलं असतं, तर ती ढाल मीच आपल्या हातानं दिली असती. लाज वाटू द्या जरा.

येत्या रविवारी येतोय. त्या हिऱ्यातले माझे ऐंशी आधी बाजूला काढून ठेवा. आणि चहा मी टाकणार नाही.