नैऋत्येची जड वस्तू

घरात शांतता नाही, हे निदान आमच्या साडूंचं. जेवायला आले होते. मुलगा मोबाइलवर कुणाशी तरी खेळताना किंचाळत होता, आईने कीर्तन मोठ्या आवाजात लावलं होतं, आणि दोघांनी गप्प बसावं म्हणून बायको त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडत होती. साडू ताटावरूनच म्हणाले, "वास्तूत दोष आहे." आणि परवाच्या रविवारी त्यांनी पाठवलेला वास्तुतज्ज्ञ दारात हजर. डोंबिवलीहून रोज लोकलला लटकणाऱ्या माणसाचा रविवार!

गृहस्थ माझ्याच वयाचे. पांढराशुभ्र झब्बा, केसांना ताजा कलप, हातात मोबाइल आणि त्यात होकायंत्र. आईला 'माताजी', बायकोला 'मॅडम' आणि मला 'काका'. हे 'काका' मला अजून पचलेलं नाही.

फ्रिजपाशी उभं राहून त्यांनी उत्तर शोधली. तिथून कपाटापाशी गेले, तर उत्तर सरकली. जवळपास लोखंड किंवा चुंबक असलं की मोबाइलचं होकायंत्र बावचळतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मी म्हटलं, "सूर्य रोज या हॉलच्या खिडकीतून उगवतो. ती पूर्व धरा."

"सूर्याचं वेगळं असतं काका. ऊर्जेचं वेगळं असतं."

शेवटी मात्र त्यांची ऊर्जा सूर्यापाशीच येऊन थांबली. मग ते संडासाच्या दाराशी गेले आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून उभे राहिले.

"काका, हा ईशान्येला आहे."

"बिल्डरने दिला तिथे आहे."

"ईशान्य म्हणजे देवाची जागा. इथे हे असल्यावर शांती कशी नांदणार? हलवावा लागेल."

"पाइप सगळ्या मजल्यांचा एकच आहे हो. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांचा इथेच."

"मग सगळ्यांकडे अशांती असणार."

"खालचे आजी-आजोबा कधीच भांडत नाहीत."

त्यांनी डोळे बारीक केले. "दोघांना नीट ऐकू येतं?"

नाही येत. दोघंही कानाची मशीनं काढून ठेवतात. पण हे या माणसाला कसं कळलं? "बघा," ते म्हणाले, आणि बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की माझा मुद्दा तिथेच संपला. संडासात जाड्या मिठाची वाटी ठेवायची ठरली. खरं तर आमच्या संडासाची अडचण दिशेची नाहीच. पाच माणसं, एक दार आणि सकाळचे सात, एवढीच आहे. त्यात आता आत गेलेला प्रत्येक जण बाहेर येऊन मीठ ओलं झालं की नाही याचा वृत्तान्त देतो.

पुढे ब्रह्मस्थान. हे मला थोडंफार माहीत होतं. वास्तुमंडल, म्हणजे घराचा आराखडा, ८१ पदांचं, म्हणजे चौकोनांचं. त्यातली मधली नऊ ब्रह्मदेवाची, ती मोकळी हवीत. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वास्तुविद्येवर अख्खा अध्याय लिहिलाय. पण सहाव्या शतकातल्या त्या थोर माणसापुढे अंगणं होती, चौक होते. आमचं घर ४२० फूट कार्पेट. त्यातले नऊ भाग म्हणजे जवळजवळ ४७ फूट ब्रह्मदेवाला सोडायचे. मेंटेनन्स तो भरणार आहे का? तिथे आमचा कपडे वाळत घालायचा स्टँड आहे, आणि पावसाळाभर चड्ड्या-बनियनं ब्रह्मस्थानीच सुकतात.

"आता नैऋत्य," तज्ज्ञ म्हणाले. "इथे जड वस्तू पाहिजे. घराला स्थैर्य येतं. हे कपाट इथे आणा."

कपाट तिथे मावेना. मुलाने टेप लावून पाहिलं, चार इंच जास्त. तज्ज्ञांनी घरभर नजर फिरवली. फ्रिज पाहिला, वॉशिंग मशीन पाहिलं, आणि मग नजर माझ्यावर आली. माझ्यावरून ती पोटापाशी उतरली आणि तिथेच राहिली.

"घरातला कर्ता पुरुष नैऋत्येला बसला तरी चालतं. काका, तुम्ही इथे बसत जा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आईने लगेच पाट आणून ठेवला. म्हणजे चपलांचं स्टँड आणि केरसुणी यांच्या मधे आता मी. माझी खिडकीजवळची खुर्ची मुलाला मिळाली, कारण विद्यार्थ्याने पूर्वेकडे तोंड करून बसावं. तो पूर्वेकडे तोंड करून किंचाळतो.

वास्तुपुरुषाचं डोकं ईशान्येला आणि पाय नैऋत्येला असतात म्हणतात. म्हणजे मी त्याच्या पायाशी आणि डोक्याशी संडास. त्याच्याबद्दल मला पूर्वीपासून कणव आहे. वास्तुशांतीला गुरुजींनी त्याची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात फरशीखाली पुरली होती. पुढे फरशा बदलल्या तेव्हा गवंड्याने ती सिमेंटसकट माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "साहेब, हे टाकायचं का?" वास्तुपुरुष सदैव 'तथास्तु' म्हणतो, म्हणून घरात अभद्र बोलू नये असं आई सांगते. त्या दिवशी गवंड्याला मी काय बोललो ते वास्तुपुरुषाने ऐकलं नसावं अशी आशा आहे.

तज्ज्ञ पैसे मोजत असताना वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. भांड्याच्या मांडणीतले पेले वाजायला लागले. त्यांनी वर पाहिलं.

"रोजचं आहे?"

"गणपतीपासून."

"ते वास्तूत येत नाही," ते म्हणाले आणि निघाले.

कशात येतं मग? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. ड्रिलपुढे ५५ म्हणजे कुजबुज. ४२० फुटांत पाच माणसं कोंबायची, डोक्यावर दिवसभर ठणठणाट ठेवायचा, आणि मग सांगायचं की तुमची मिठाची वाटी कमी पडली. रविवारी दुपारी दोन तास तरी माणसाला डोळा लागू नये?

तसाच उठून सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"अहो, समजून घ्या जरा. ओटा फोडून फिरवतायत. स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला पाहिजे ना. त्यांच्या घरात अजिबात शांतता नव्हती म्हणे. एका वास्तुवाल्याने सांगितलं. माणूस चांगला आहे. नंबर देऊ का तुम्हाला?"