नास्तिक व्हायचंय? आधी पंचांग बघा

तर तुमचा देवावरचा विश्वास उडाला. अभिनंदन! कशानं उडाला ते विचारत नाही. लातूरला बारावीच्या क्लासमध्ये फिजिक्सनं उडवला असेल, नाहीतर लागोपाठ कोरड्या गेलेल्या पावसाळ्यांनी. पण घाईनं जाहीर करू नका. मराठवाड्यात तुम्ही देव मानत नाही म्हटल्यावर कुणाच्या पोटात गोळा येत नाही. मामा शांतपणे पानाला चुना लावत विचारतात, "ते असू दे. महालक्ष्म्यांना कधी निघायलास?" आपल्याकडं श्रद्धा कोणी तपासत नाही, हजेरी तपासतात. ती भरली की डोक्यात काय चाललंय याच्याशी ना मामांना देणं ना देवाला घेणं.

म्हणून नवशिक्या नास्तिकानं पहिल्यांदा पंचांग विकत घ्यावं. भाविकाला ते नसलं तरी चालतं, त्याला आई सांगते. तुम्हाला मात्र अनुराधा नक्षत्र कधी लागतंय हे भाद्रपदाच्या दोन महिने आधी माहीत पाहिजे, कारण पुण्याहून परभणीला येणाऱ्या खाजगी बसचं तिकीट त्या आठवड्यात कुठल्याही नक्षत्राला न जुमानता वर जातं. महालक्ष्म्या म्हणजे ज्येष्ठा गौरी: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. तीन दिवसांची रजा टाकताना कारण 'घरगुती' लिहावं. 'श्रद्धा' असं लिहिलेला अर्ज आजवर कुणी टाकला असेल असं वाटत नाही.

पहिल्या दिवशी तुमचं काम माळ्यावरच्या कोठ्या, म्हणजे महालक्ष्म्यांचं धड, खाली काढणं. कोठ्या पुसा, आत गहू-तांदूळ भरा, साड्या नेसवणाऱ्यांच्या मध्ये लुडबुडू नका, मुखवटे बसवताना डुगडुगले तर पुठ्ठ्याची घडी घाला. फाटकापासून हळदीकुंकवाची पावलं काढलेली असतात. त्यावर चप्पल पडू देऊ नका, तिथं तुमचा विवेकवाद कामाला येत नाही. दुसरा दिवस पुरणाचा. एक किलो डाळीला एक किलो गूळ, त्यात तीस-पस्तीस पोळ्या होतात, आणि जेवायला माणसं असतात साठ. तेव्हा हिशेब आदल्या रात्रीच करावा. डाळ बोटानं दाबली की फुटली पाहिजे, पण गळता कामा नये. कट पूर्ण निथळला नाही तर गूळ घातल्यावर पुरण सैल होतं आणि पोळी तव्यावर फाटते. मग ते उलथणं उभं राहीपर्यंत आटवत बसावं लागतं, आणि घरात "यंदा काहीतरी चुकलंय" अशी कुजबुज सुरू होते. चुकलेलं असतं पाणी, पण तसं बोलू नये. सोळा भाज्यांतल्या तेरा मिळतात. उरलेल्या तिन्हींसाठी कुणाच्या तरी परसात जावं लागतं. इथं नास्तिक फार उपयोगी पडतो. तो सोवळ्यात नसतो, त्यामुळं त्याला मोटारसायकलवर कुठंही पाठवता येतं.

हे सगळं रांधणाऱ्या बाईचा देवावर विश्वास आहे का, हा प्रश्न तिला विचारून बघा. पहाटे चारला उठून, ओल्या लुगड्यात, चुलीपुढं बसलेली वहिनी तुमच्याकडं एकदा बघेल आणि म्हणेल, "भाऊजी, ती परात द्या इकडं." तुमची शंका बैठकीत गादीवर लोळत असते, तिला शंका घ्यायलाही सवड मिळत नाही. महालक्ष्म्या बंद करू असं म्हणण्याचा खरा अधिकार असेल तर तिचाच आहे. पण खंड पडला आणि वर्षभरात घरात कुणाचा पाय मोडला, तर तो कुणामुळं मोडला हेही तिच्याच नावावर लिहिलं जाणार असतं. म्हणून तीही बंद करत नाही. तुम्ही 'आईसाठी करतो' म्हणता. आई गेल्यावर 'मुलांवर संस्कार' म्हणायचं. कारण बदलतं, कोठ्या त्याच.

सत्यनारायणाला मात्र न चुकता बसा आणि पाचही अध्याय नीट ऐका. रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा, वर केळं. शिरा उत्तम होतो, तो मुद्दा वेगळा. ऐकायचं काय, तर कथेतल्या साधुवाण्याला शिक्षा कशाबद्दल झाली. अश्रद्धेबद्दल नाही. त्यानं मूल झाल्यावर पूजा करतो म्हटलं, मग मुलीच्या लग्नात करतो म्हटलं आणि पुढं ढकलत राहिला. सगळी भानगड थकबाकीची आहे, बँकेसारखी. त्याच्या मुलीचा, कलावतीचा, नवरा नावेसकट बुडाला तो ती प्रसाद न घेता धावली म्हणून. अख्ख्या कथेत कुणालाही 'तुझा विश्वास आहे का?' असं विचारलेलं नाही. नवस बोलायचा तर फेडायचा, प्रसाद आला तर खायचा. नास्तिकाला यापेक्षा सोयीचा धर्म कुठं सापडणार? फक्त नवस बोलू नका आणि शिरा नाकारू नका.

कुणी कोपऱ्यात गाठलंच, तर 'मी मानतो' किंवा 'मानत नाही' यातलं काहीच बोलू नये. 'त्यामागं विज्ञान आहे' असं म्हणावं. घंटेच्या कंपनानं जंतू मरतात, तोरणाच्या आंब्याच्या पानांतून प्राणवायू मिळतो, असं बिनधास्त सांगा. तोडलेलं पान दारावर टांगल्यावर काही दिवसांत सुकतं, हे दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. तरी कोणी हरकत घेणार नाही. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं, कलम 51 क. आपण ते कर्तव्य असं पार पाडतो.

संतांचा आधार घ्यायचा मोह होईल. घ्या, पण बसल्या जागी. औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते, नामदेव चिडले, तर विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. ही कथा मराठवाड्यात शतकानुशतकं कीर्तनात सांगतात आणि माणसं डोळे पुसत ऐकतात. ती ऐकायची असते. करून बघितलीत तर भारतीय न्याय संहितेचं कलम 299, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याचं, लागेल, आणि ठाण्यात जामिनासाठी तुम्हाला ज्या माणसाला फोन करावा लागेल, तो त्याच कीर्तनात पहिल्या रांगेत बसलेला असेल. शंका घरात ठेवलीत तर लाडाची. तिची संघटना काढली की प्रकरण बदलतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, तो 2013 साली त्यांचा खून झाल्यावर आला.

त्याच कायद्यात एक बारीक कलम आहे, ते शेतकरी नास्तिकानं वाचून ठेवावं. ज्योतिषी, वास्तुशास्त्राचा सल्ला आणि जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या यांना कायद्यानं हात लावलेला नाही. म्हणजे तुमची कसोटी लागणार ती बोअरच्या वेळी. देवळात तटस्थ राहणं सोपं असतं. एप्रिल महिन्यात मोसंबीची बाग वाळायला लागली की कठीण. तुम्ही आधी भूवैज्ञानिकाला बोलवाल. तो यंत्राच्या तारा रानात पसरेल, आकडे घेईल आणि म्हणेल, "इथं शक्यता बरी आहे." आपला काळा खडक बेसाल्टचा, पाणी खडकात नसतं, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात असतं, त्यामुळं प्रामाणिक माणूस 'शक्यता' यापलीकडं जात नाही. मग चुलते पाणाड्या आणतील. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहील, टाच जमिनीत रोवून तो म्हणेल, "इथं. एकशे ऐंशी फुटाला. अडीच इंच पाणी." आता सांगा, बायकोचे दागिने ठेवून पैसे आणलेला माणूस 'बरी शक्यता' ऐकेल की अडीच इंच?

नारळ का उभा राहतो ते तुम्हाला माहीत असतं. आडव्या तळहातावर तो मुळातच अस्थिर असतो, बोटांची नकळत झालेली हालचाल पुरते. पाणाडे वापरतात ती कडुलिंबाची दुबेळकी, म्हणजे दोन फाट्यांची काटकी, तीही ताणून धरली की मनगट जरासं वळताच उलटते. बोअरचं मशीन आल्यावर हे सांगू नका. तामिळनाडूची गाडी रात्री अकराला येते, पोरं मशीनपुढं नारळ फोडून कापूर लावतात, आणि त्या क्षणी तुमचा हात आपोआप जोडला जातो. जोडू द्या. वरच्या मुरमात बाजू ढासळू नये म्हणून केसिंग पाइप टाकतात, त्याचे पैसे वेगळे, आधी ठरवा. 2009 च्या भूजल कायद्यानं 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली जायला मनाई आहे. 200 फुटांना कोरडी भुकटीच उडत असते. मग सगळे तुमच्याकडं बघतात आणि तुम्ही म्हणता, "अजून पन्नास." पुढं खोलीप्रमाणे फुटामागचा भावही चढतो. साडेचारशेला तुम्ही तुळजापूरचं नाव घेतलेलं असतं, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. पाणी लागलं तर पाणाड्याचं. नाही लागलं तर पाइप दोन फूट इकडं पडला. भूवैज्ञानिक दोन्ही बाजूंनी हरतो, कारण त्यानं आकडा सांगितलेला नव्हता. नास्तिकांनी त्याच्याकडून एवढं शिकावं: शंका खरी असली तरी तिच्यावर कुणी कर्ज देत नाही.

राहता राहिला शेवट. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत उन्हात उभं राहायचं नसेल तर सकाळी आठच्या आत घाटावर पोचा, पिंडापासून वीस-पंचवीस फूट मागं सरा, आणि सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावा. कावळा माणसांच्या घोळक्याला बिचकतो, अतृप्त इच्छेला नव्हे. नुसत्या तीळभातापेक्षा शेजारी वडा असला की लवकर येतो. तरीही नाहीच आला तर कुणीतरी "तात्या, धाकटीचं लग्न आम्ही करू" असं मोठ्यानं म्हणतं; ते तुम्ही म्हणू नका, नवसाचं काय होतं ते वर वाचलंत. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात. शंकेखोरांपेक्षा धर्माला अडचणींची सवय जास्त आहे.

स्वतःपुरतं हे टाळायचं असेल तर देहदान. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. त्यावर वारसांच्या सह्या घ्या. नेत्रदानाचाही भरा, डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. शवविच्छेदन झालं तर देह सहसा घेत नाहीत, तेव्हा शक्यतो घरीच आणि आजारानं जा. एवढं करूनही तुमचा अर्ज म्हणजे केवळ इच्छा. तुम्ही गेल्यावर देह द्यायचा की नाही ते घरचे ठरवतात. समजा दिला, तरी सुटका नाही. देह हाती नसेल तर पळसाच्या 360 देठांचा पुतळा करून पुढचे विधी करायची सोय शास्त्रात आहे, आणि पळस आपल्याकडं बांधाबांधावर आहे. फक्त देठ मोजायला जावयाला बसवू नका. तो तुमच्याहून पक्का नास्तिक असतो आणि साडेतीनशेवर थांबतो.