ओसुमींचं नोबेल उपवासासाठी नव्हतं

चातुर्मास लागला की इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: जपानचे शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी सिद्ध केलं की माणूस 16 तास उपाशी राहिला की शरीर स्वतःतल्या कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं. त्याबद्दल त्यांना 2016 साली नोबेल मिळालं. आपल्या पूर्वजांनी एकादशी त्यासाठीच लावून दिली. तेव्हा किमोच्या भानगडीत पडू नका, उपास धरा.

ओसुमी खरे, नोबेल खरं, सालही खरं. बाकीच्या मजकुराला मात्र आधार नाही. मी इथे मुलांना जीवशास्त्र शिकवते, आणि हा मेसेज आता आजारी माणसांच्या हातात पोचलाय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

नोबेल कशासाठी मिळालं, ते आधी. ओसुमींनी 1988 मध्ये टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली आणि अभ्यासाला घेतलं यीस्ट, म्हणजे पाव फुगवायला वापरतात तेच. यीस्टच्या पेशीत रिक्तिका नावाची एक पिशवी असते; टाकाऊ माल तिथे जाऊन विघटित होतो. हे इतक्या झटपट होतं की बघायला काही उरत नाही. म्हणून त्यांनी अशा यीस्ट घेतल्या ज्यांच्या रिक्तिकेत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्सच नव्हती, आणि त्यांचा नायट्रोजन बंद केला, म्हणजे त्यांना उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिका बारीक गोल कणांनी भरून गेली. आत आलेला माल तुटत नव्हता, साचत होता, आणि ते कण साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली थरथरत हलताना दिसत होते. हे काम 1992 साली प्रसिद्ध झालं. मग त्यांनी जनुकं बिघडलेल्या हजारो यीस्ट चाळल्या, ज्यांच्यात हे कण जमत नव्हते त्या वेगळ्या काढल्या, आणि 1993 पर्यंत या यंत्रणेच्या 15 जनुकांचा माग लावला. या यंत्रणेचं नाव ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने आपलाच माल मोडून पुन्हा वापरणं. नोबेल मिळालं ते या यंत्रणेच्या शोधासाठी. त्या प्रयोगांत ना माणूस होता, ना कॅन्सर, ना 16 तास.

मग 16 हा आकडा आला कुठून? ओसुमींच्या कामातून नक्कीच नाही. ऑटोफॅजी घड्याळ लावून सुरू होणारी गोष्ट नाही. थोड्या प्रमाणात ती सतत चालूच असते आणि अन्न तुटलं की वाढते. किती तासांनी, कोणत्या अवयवात, किती वाढते, हे वेगवेगळं असतं. नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने 2004 साली उंदरांना उपाशी ठेवून पाहिलं, तेव्हा बहुतेक अवयवांत ती वाढलेली दिसली, मेंदूत फारसा फरक दिसला नाही. शिवाय उंदराचा दिवसभराचा उपास आणि माणसाचा दिवसभराचा उपास यांत फार अंतर आहे, कारण उंदराचा चयापचय कितीतरी वेगाने चालतो.

एकादशीबद्दल एवढंच: साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळ्याचा कीस हे पिष्टमय पदार्थ आहेत. ते खाल्ले की इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन ऑटोफॅजीला आवर घालतं. एकादशी आपण विठ्ठलासाठी करतो. तिला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

सगळ्यात घातक वाक्य कॅन्सरच्या पेशी खाण्याचं. ऑटोफॅजीत शरीर रोगट पेशी वेचून मारत नाही. सराफ्यात जुना दागिना मोडीत देऊन त्याच सोन्याचा नवा घडवतात, तशी पेशी आपलीच झिजलेली प्रथिनं आणि निकामी तंतुकणिका (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) मोडते आणि सुटा झालेला माल पुन्हा वापरते. हे ती जगण्यासाठी करते. मरणाचा कार्यक्रम वेगळा आहे, त्याला अपॉप्टोसिस म्हणतात, आणि हे नाव 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी दिलं. एक मिलिमीटरच्या एका सूत्रकृमीच्या वाढीत 1090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या ठरावीक 131 मरतात, दर वेळी त्याच. त्या संशोधनाचं नोबेल 2002 साली ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना मिळालं.

दोन्ही यंत्रणांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत, हे मात्र खरं. पेशीला मरू न देणारं बीसीएल-2 हे प्रथिन ऑटोफॅजीला लागणाऱ्या बेक्लिन-1 या प्रथिनालाही धरून ठेवतं. बेथ लेव्हिन यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत बेक्लिन-1 परत घातलं की उंदरांमध्ये त्यांची गाठ वाढवण्याची ताकद कमी होते. म्हणजे निरोगी पेशीला ऑटोफॅजी कॅन्सरपासून वाचवत असावी. पण गाठ एकदा तयार झाली की चित्र उलटतं. गाठीच्या आत रक्तपुरवठा अपुरा, ऑक्सिजन आणि अन्न दोन्ही कमी. तिथे कॅन्सरची पेशी ऑटोफॅजीच्या जोरावरच तग धरते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी तर तिच्यावर फार अवलंबून असतात, असं 2011 साली दिसून आलं. म्हणूनच मलेरियाचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन काही कॅन्सर-रुग्णांना किमोसोबत देऊन पाहिलं गेलं, ऑटोफॅजी *अडवण्यासाठी*. मेसेज जी यंत्रणा चालू करायला सांगतो, ती बंद करण्यासाठी डॉक्टर औषधं शोधताहेत!

राहिला शेवटचा युक्तिवाद: करून बघायला काय जातं? आमच्या शेजारच्या एका काकूंची किमो चालू आहे. तोंडाला चव नाही, आणि त्यात हा मेसेज वाचून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. सुनेने डिंकाचा लाडू पुढे केला तर म्हणाल्या, "नको गं, गाठीला खाऊ घालायचं नाही." कॅन्सरमध्ये स्नायू आधीच झिजतात, वजन आपसूक उतरतं. अनेक औषधांचे डोस उंची-वजनावरून ठरतात, आणि अशक्तपणा वाढला की पुढची किमो लांबते. ज्यांना मधुमेहही आहे आणि जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांची साखर उपाशीपोटी धोकादायक खाली जाऊ शकते. किमोच्या आसपास ठरावीक काळ कमी खाण्याचे अभ्यास झाले आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि किमो *चालू ठेवून*. किमोऐवजी उपास चालतो असं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांना माझी विनंती: तुमच्या ओळखीच्या ज्या घरात किमो चालू आहे, तिथे आजच फोन करा. आजारी माणूस जेवतोय ना, हे विचारा, आणि आहारात काहीही बदल करायचा तर आधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा म्हणावं.