उतारावरचं लंडन

लंडन ते पॅरिस सरळ रेषेत सुमारे ३४५ किलोमीटर. विमान हवेत असतं जेमतेम पाऊण-एक तास, तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा जरा जास्तच. परवा आम्ही दहा मिनिटं आधीच पॅरिसला टेकलो. वेळेआधी पोहोचल्याची घोषणा थाटात झाली आणि पुढची वीस मिनिटं विमान तिथेच उभं, कारण आमच्या गेटवर दुसरंच विमान ठाण मांडून बसलेलं.

शेजारचे काका, मुलीकडे लंडनला आलेले, त्यांनी तेवढ्यात तिकिटाचा कागद उलगडला.

"अहो, हे बघा. जाताना सव्वादोन तास आणि येताना पंधरा मिनिटं! नऊला सुटतंय, सव्वानऊला लंडन."

"काका, पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे असतं."

"एक तास ना? इथे फरक दोन तासांचा आहे."

"जाताना एक मिळवायचा, येताना एक वजा करायचा."

काकांनी बोटांवर हिशेब केला, तो पटला नाही. "मग पंधरा मिनिटांचे एवढे पैसे का घेतले?" जरा थांबून स्वतःच म्हणाले, "उतार असणार."

मी म्हटलं, उलट, वारा बहुतेकदा पश्चिमेकडून असतो, येताना दोन-चार मिनिटं जास्तच लागतात. त्यांनी मागे वळून काकूंना सांगितलं, "अगं, उतारच आहे म्हणतायत. पण वारा आडवा येतो."

खरी मेख वेगळीच आहे. वेळापत्रकातला वेळ उड्डाणाचा नसतोच. विमान गेटवरून हललं की मोजायला सुरुवात, दुसऱ्या गेटवर थांबलं की शेवट. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे रांगेत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. परतताना हीथ्रोच्या आकाशात घिरट्या घालाव्या लागतात त्या वेगळ्या. हे सगळं धरून कंपन्या वर थोडी भर घालतात आणि मग 'लवकर आलो' म्हणून मिरवतात. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरायचाच नाही, असा या धंद्याचा रिवाज.

युरोस्टार ट्रेन लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यू नोरला साधारण २ तास २० मिनिटांत नेते, तेही शहराच्या मध्यातून मध्यात. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते. विमानाला आधीचे दोन तास आणि नंतरची, विमानतळावरून शहरात नेणारी आरईआर बी लोकल जोडा, म्हणजे कळेल. पण ट्रेनचं तिकीट ऐनवेळी काढायला जा, विमान परवडलं म्हणाल. ते कोणी सांगत नाही.

युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये एक बरं केलं: विमानाचं निदान एक दार उघडेल तीच पोहोचण्याची वेळ. चाकं टेकल्याचं कौतुक नाही. आमचं दार उघडलं तेव्हा आम्ही दहा मिनिटं उशिरा होतो. पंधराच्या आत, म्हणजे त्यांच्या हिशेबी वेळेवरच. भरपाई मागायची तर उशीर तीन तासांचा लागतो. आणि पुढची पासपोर्टची रांग, जी उड्डाणापेक्षा लांबली, ती कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.