मारुतीच्या देवळामागची खोली

सोसायटीच्या ग्रुपवर आज एका काकांनी टाकलंय, 'आरटीईच्या फुकट्या पोरांचा खर्च आमच्या फीतून का?' खाली अकरा अंगठे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा: खासगी शाळांनी प्रवेशाच्या २५ टक्के जागा गरीब, वंचित घरातल्या मुलांना फुकट द्यायच्या आणि त्यांची फी सरकारने शाळांना भरून द्यायची. तिथे उत्तर दिलं तर लिफ्टमध्ये तोंड चुकवावं लागेल, म्हणून इथे लिहितोय.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींच्या नातीचा फॉर्म २०२४ मध्ये मी भरला. दोनदा! एप्रिलमध्ये डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. नकाशावर घर दाखवायचं होतं. मावशींचे हात कणकेचे, त्यामुळे कोपरानेच दाखवत होत्या, "हे मारुतीचं देऊळ ना, त्याच्यामागं." खूण लावली आणि यादीत आलं काय, तर महापालिकेची शाळा. तिथे तर ती फॉर्म न भरताही गेली असती! फेब्रुवारीत सरकारने नियमच फिरवला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सुटका.

"मग हे भरायचं कशाला, दादा?" मावशींनी विचारलं. काय सांगणार?

मे महिन्यात हायकोर्टाची स्थगिती आली. पुन्हा टेबल, पुन्हा मारुती. जुलैत कोर्टाने तो नियम रद्दच केला, तेव्हा कुठे सोडतीचा निकाल लागला आणि नातीला खासगी शाळा मिळाली. शाळा जूनमध्येच भरल्या होत्या.

फुकट म्हणे! १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढायला मावशींनी तीन दिवस कामं बुडवली. काका, 'बाई आली नाही' म्हणून तेव्हा ग्रुपवर तुम्हीच बोंबलला होतात.

सरकार शाळांचे प्रतिपूर्तीचे पैसे थकवतं, हे खरंय. पण ती वसुली मंत्रालयात करा ना, सात वर्षांच्या पोरीकडून कसली करताय? आणि महापालिकेच्या शाळा सुधारा म्हणणाऱ्यांनो, मान्य. तुमचा मुलगा तिथे गेला नाही. माझाही नाही.

कुणीतरी मध्येच म्हणालं, पालकांच्या हातात थेट फीचं कूपन द्या, हवी ती शाळा निवडू देत. झकास. कूपनात गॅदरिंगचा ड्रेस बसतो का? गेल्या वर्षी शाळेने ड्रेसचे १,८०० मागितले. मावशींनी नातीला ताप आल्याचं कळवून घरी ठेवलं. मला दोन महिन्यांनी कळलं, तेही बोलता बोलता. आधी वाईट वाटलं, मला सांगितलं का नाही म्हणून. मग वाटलं, का सांगावं त्यांनी?

यंदाच्या ड्रेसचा मेसेज आलाय. सकाळी मावशींना विचारलं. "बघू, वेळ आहे अजून," म्हणाल्या आणि तवा ठेवला.