ब्लेंड मधोमध ठेवल्याने आवाज निम्मा होत नाही

गणपतीच्या ऑर्केस्ट्राच्या तालमी सुरू झाल्या की इंदूरच्या आपल्या बास गिटारवाल्यांत एक गोष्ट हमखास फिरते: ब्लेंड, म्हणजे दोन पिकअपचं (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागांचं) मिश्रण ठरवणारा नॉब, मधोमध ठेवला की दोन्ही पिकअपचा आवाज निम्मा होतो, म्हणून जॅझ बास या गिटारसारखे प्रत्येक पिकअपला वेगळा, असे दोन व्हॉल्यूमच बरे. हे खरं नाही. ब्लेंडसाठीच बनवलेल्या एमएन पॉटमध्ये (पॉट म्हणजे नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) मधल्या खाचेवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतात. नॉब एका बाजूला फिरवला की फक्त दुसरा पिकअप उतरतो. निम्मा आवाज येत असेल, तर कुणीतरी साधा दुहेरी लिनियर (सरळ प्रमाणात बदलणारा) पॉट डकवला असणार. दोन व्हॉल्यूमला साधे पॉट चालतात, एवढं मान्य. पण निवेदक मध्येच माइक उचलतो तेव्हा दोन नॉब सारखे उतरवत बसा! ब्लेंडसोबत मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे सगळा आवाज एकत्र कमी-जास्त करणारा नॉब, असला की एकच नॉब फिरवायचा, मिश्रण जागच्या जागी.